पाठीचा आकडा, धारेचं काम

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. सुरी टोमॅटोवर टेकते, साल आत दबते, मग फाटते. रस उडतो.]

या सुरीच्या पात्यावर '६० एचआरसी' असं कोरलंय. घेतली तेव्हा सगळ्यांना दाखवून झाली. आता टोमॅटो तिला दाद देत नाही. गाजराचं काही नाही, जोर लावला की कशानेही तुकडे पडतात. टोमॅटोच्या सालीला मात्र जोर चालत नाही, धारच लागते.

मग हा साठ आकडा नक्की कशाचा? पोलादाच्या कडकपणाचा. तो कडकपणा येतो कुठून, ते आधी बघू.

[दृश्य: भोसरी. हीट ट्रीटमेंटचं वर्कशॉप, तेलाचा धूर.]

भोसरी एमआयडीसीतल्या या शेडमध्ये गिअर येतात, शाफ्ट येतात. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून पुन्हा बेताचं गरम करून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. आपले लोहार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. ते याला 'पाणी देणं' म्हणतात, इथे त्याचा रिपोर्ट निघतो.

[दृश्य: रॉकवेल यंत्र. हिऱ्याचं टोक पात्याच्या जवळ येतं.]

हे रॉकवेल यंत्र. एचआरसी म्हणजे याच यंत्राच्या 'सी' मापावरचा कडकपणा. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी १९१४ मध्ये अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. बेअरिंगच्या कड्या नीट कडक झाल्यात का, हे झटपट कळायला हवं होतं. हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू आधी १० किलोच्या भाराने टेकवायचा, मग भार १५० किलोंवर न्यायचा, पुन्हा १० वर आणायचा आणि टोक किती खोल रुतून राहिलं ते मोजायचं. शंभरातून दर ०.००२ मिलिमीटरला एक गुण वजा. म्हणजे ६० च्या पात्यात टोक ०.०८ मिलिमीटर रुततं आणि ५६ च्या पात्यात ०.०८८. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५७ च्या घरात असतात, व्हीजी-१० या जपानी पोलादाच्या ६० च्या आसपास. दुकानात किमतीत हजारोंचा फरक, आणि इथे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा!

आम्ही सुरी धारेकडून पुढे केली.

"तिथे नाही जमणार ताई. पाठीकडून द्या."

यंत्रावरचे काका बरोबर सांगतात. खड्ड्याच्या निदान दहापट जाडी खाली असावी लागते. ०.०८ ची दहापट ०.८ मिलिमीटर. धारेजवळ पातं याच्या निम्मंसुद्धा नसतं. शिवाय खालची बाजू सपाट हवी, नाहीतर पातं डुगडुगतं आणि आकडा खोटा येतो. काही जपानी सुऱ्यांची तर आणखीच गंमत. मधे कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ लोखंडाचं अस्तर. अंगावर मोजलं की अस्तराचा आकडा मिळतो.

थोडक्यात, मोजमाप होतं पाठीचं आणि टोमॅटोशी गाठ पडते धारेची.

[दृश्य: रस्त्याकडेला सायकलवर सहाण फिरवणारे काका. ठिणग्या. विळीच्या पात्याचा क्लोजअप.]

मधल्या मधे काय होऊ शकतं ते इथे बघा. कोरड्या चाकावर पातं जरा जास्त वेळ दाबलं की कडेला निळसर झाक येते. साध्या पोलादावर हा रंग साधारण ३०० अंशांना उमटतो. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. पाठीवर मोजाल तर आकडा जसाच्या तसा, धार मात्र चार दिवसांत वळते. चांगले कारागीर म्हणूनच पातं हलकं टेकवतात आणि सारखं पाण्यात बुडवतात.

[दृश्य: मंडईतली पातळ पत्र्याची सुरी, सपकन टोमॅटो कापते.]

आणि ही मंडईतली सुरी. मऊ आहे, धार फार दिवस टिकणार नाही. पण पातं इतकं पातळ की टोमॅटोला कळतही नाही. कापणं हे आधी जाडीचं आणि कोनाचं काम आहे. कडकपणाची गरज पुढे लागते, तो पातळपणा टिकवायला. फार कडक ठेवलं तर नारळाच्या करवंटीवर धारेचे टवके उडतात. उसाच्या कोयत्याला म्हणूनच इतका कडकपणा नको असतो. बांधावर बसून कानशीने पाजवता आला पाहिजे.

इंग्लंडमध्ये शेफिल्डला कॅट्रा नावाची संस्था धारेचीच परीक्षा घेते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमध्ये ५ टक्के बारीक वाळू मिसळलेली असते. साधारण ५ किलोंच्या दाबाने त्या पात्यावर टेकतात, पातं पुढेमागे होतं, अशा ६० फेऱ्या. किती पुठ्ठा कापला ते मोजायचं. त्या यंत्रात सुरी कशी बसवतात माहितीये? धार वर करून. माल वरून येतो. म्हणजे आपली विळीच की!

विळीचं आणखी एक आहे. तिच्या धारेखाली पाट नसतो, ताट नसतं. भाजी चिरली की पुढे नुसती हवा, धार कशावर आपटत नाही. मऊ लोखंडाची विळी वर्षानुवर्षं कामाला येते, त्याला हे मोठं कारण.

[दृश्य: पुन्हा ओटा. सुरीची धार दिव्यासमोर. भिंगातून क्लोजअप.]

आता आमची सुरी. धार वर करून उजेडात धरली की कडेने एक बारीक चकाकती रेघ दिसते. नीट धारेवर उजेड थांबत नाही, त्याला थांबायला जागाच नसते. रेघ दिसली तर तिथे धार चपटी झालीय.

चिनी मातीचा कप उपडा केला. बुडाची खरखरीत, चकाकी नसलेली कड पोलादापेक्षा कडक असते, साठच्यासुद्धा. आजीची युक्ती. एकेका बाजूने दहा-बारा वेळा, कोन न हलवता, हलक्या हाताने.

[दृश्य: रेघ गेलेली. टोमॅटोची पातळ चकती, आरपार दिसणारी.]

रेघ गेली.

मागून आईचा आवाज, "झालं का तुमचं शूटिंग? कांदा चिरायचाय."

[दृश्य: कॅमेरा मागे जातो. आई सुरी उचलते आणि कांदा स्टीलच्या ताटात ठेवते.]