बफर एका बाइटने सरकवून पाहा

मित्रहो, इथरनेटचं हेडर १४ बाइटांचं असतं. पॅकेट मेमरीत १६ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर उतरवलं, तर आतलं आयपी हेडर १४ बाइट पुढे सुरू होतं, आणि १४ला ४ने भाग जात नाही. आयपी हेडरमधले आयपी-पत्ते मात्र चार-चार बाइटांचे, म्हणजे मेमरीतही चारच्या पटीत असलेले बरे. म्हणून लिनक्स कर्नलमध्ये पॅकेटसाठी जागा घेताना सुरुवातीला दोन बाइट मोकळे सोडायची सोय आहे. एक्स८६वर ही मोकळी जागा शून्य ठेवली आहे, कारण वाकड्या, म्हणजे चारच्या पटीत नसलेल्या, पत्त्यावरून चार बाइट वाचायला त्या प्रोसेसरची हरकत नसते. प्रोसेसरची हरकत नाही म्हणजे कंपायलरचीही (आपला कोड यंत्राच्या सूचनांमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामचीही) नसेल, असं गृहीत धरलं की गोष्ट बिघडायला लागते.

सी भाषेचं मानक प्रोसेसरकडे बघत नाही. बाइटांचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारं चल) तुम्ही ३२-बिट पूर्णांकाच्या पॉइंटरमध्ये बदललात आणि पत्ता त्या प्रकाराला हवा तसा जुळलेला नसेल, तर त्या बदलापाशीच वर्तन अनिर्धारित ठरतं, म्हणजे पुढे काय व्हावं याची मानक काहीच हमी देत नाही. अजून काही वाचलेलंही नसतं. कंपायलर याचा सरळ अर्थ काढतो: असा पॉइंटर समोर आला, म्हणजे त्याचा पत्ता जुळलेलाच आहे.

याचा परिणाम चेकसमच्या लूपमध्ये स्पष्ट दिसतो. आयपी चेकसमसाठी, म्हणजे हेडर बिघडलं नाही ना हे तपासणाऱ्या आकड्यासाठी, १६-बिट शब्दांची बेरीज करायची असते. हा लूप जीसीसी या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्यांना ओ३ या वेगासाठीच्या वरच्या पातळीवर दिला, की त्या त्याचं व्हेक्टरमध्ये रूपांतर करत, म्हणजे अनेक शब्दांवर एकदम काम करणारा कोड बनवत. एका दमात १६ बाइट उचलायला ‘मूव्हडीक्यूए’ ही सूचना वापरली जाई, आणि तिला १६ने भाग जाणारा पत्ताच लागतो. म्हणून कंपायलर आधी काही शब्द सुटे-सुटे मोजून पत्ता १६च्या पटीत आणायचा. पण मूळ पत्ता विषम असेल तर? दोन-दोन बाइटांनी कितीही पुढे गेलात तरी तो विषमच राहणार. पुढची ‘मूव्हडीक्यूए’ चालली की प्रोसेसर अपवाद फेकतो आणि लिनक्स सेगमेंटेशन फॉल्ट देऊन प्रोग्राम थांबवतं. पॉइंटर शून्य नाही, मेमरी आपलीच आहे, ओ२वर सगळं सुरळीत होतं. अशा वेळी कंपायलरला दोष देण्याचा मोह होतो, पण तो चुकलेला नसतो. अलीकडचं जीसीसी एक्स८६वर बहुधा पत्त्याची अट नसलेली ‘मूव्हडीक्यूयू’ वापरतं, त्यामुळे नेमका हा क्रॅश आता सहसा दिसत नाही. खालचं गृहीतक मात्र जसंच्या तसं आहे, आणि २०२२च्या जीसीसी १२पासून व्हेक्टरीकरण ओ२वरही चालू झालं आहे.

मग आपल्या चाचण्यांमध्ये हे का सापडत नाही? ६४-बिट लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीचं मेमरी देणारं फंक्शन, मॅलॉक, १६च्या पटीतलाच पत्ता देतं. चाचणीतला प्रत्येक बफर (मेमरीचा तुकडा) मॅलॉककडून आलेला, म्हणजे वाकडा पत्ता चाचणीने कधी पाहिलेलाच नाही. तेव्हा ६४ बाइट जास्तीचे घ्या आणि तेच फंक्शन ० ते ६३ अशा प्रत्येक सरकवणुकीवर चालवा. उत्तर एकेक बाइट वाचणाऱ्या साध्या फंक्शनशी ताडून पाहा. लांबीही शून्यापासून वाढवत न्या, कारण व्हेक्टर लूपचं डोकं, धड आणि शेपूट हे वेगवेगळे कोड असतात. बफरचा शेवट मेमरीच्या पानाच्या शेवटाशी जुळवून पुढचं पान एमप्रोटेक्ट या सिस्टम कॉलने बंद केलंत, तर हद्दीपलीकडचं वाचनही पकडलं जाईल.

एवढ्यावर थांबू नका. प्रत्यक्ष चालवून फक्त आजच्या कंपायलरने काय केलं ते कळतं. नियम मोडला का हे कळायला यूबीसॅन या अनिर्धारित वर्तन पकडणाऱ्या साधनाची अलाइनमेंट (पत्त्याची जुळणी) तपासणी आहे. ती प्रत्येक वापराआधी पत्ता पाहते, क्रॅश होवो वा न होवो. पण तिच्यामुळे कोड बदलतो, म्हणून त्याच चाचण्या तिच्यासह आणि तिच्याशिवाय, दोन्ही प्रकारे चालवा.

आता कंपायलर लिहिणाऱ्यांची बाजू. सी++२०मधल्या ‘अझ्यूम अलाइन्ड’सारखं वचन आपण देतो: हा पत्ता ३२च्या पटीत आहे. एलएलव्हीएम या कंपायलर-संचात कोडच्या मधल्या रूपात प्रत्येक लोडवर (मेमरीतून वाचण्यावर) अलाइनमेंट लिहिलेली असते, आणि फाइलचेक हे साधन तो मजकूर तपासतं. इथे खरी कसोटी सरकवणुकीच्या गणिताची आहे. ३२च्या पटीतल्या पत्त्यापासून ४८ बाइट पुढे गेलं तर १६ची हमी उरते, २४ पुढे गेलं तर फक्त ८ची, ८ मागे आलं तरीही ८चीच. वचन न दिलेल्या फंक्शनमध्ये यातली कुठलीच हमी उमटता कामा नये, आणि ही नकारार्थी चाचणी मला अधिक मोलाची वाटते. लोडवरची अलाइनमेंट कमी लिहिली तर वेग जाईल, जास्त लिहिली तर प्रोग्राम मोडेल. अलाइव्ह२ हे साधन नेमका हा फरक जाणतं: बदलाच्या आधीचं आणि नंतरचं रूप सॉल्व्हरला (तर्कसूत्रं सोडवणाऱ्या प्रोग्रामला) देऊन ते हमी नाहक वाढली का हे तपासतं. याउलट सीस्मिथ हे कंपायलर तपासायचं साधन अनिर्धारित वर्तन टाळूनच यादृच्छिक प्रोग्राम बनवतं, त्यामुळे आपला विषम पत्त्याचा लूप त्याच्या वाटेला येतच नाही.

चालवून पाहण्यावर विसंबू नका, असं मी पुन्हा सांगतो. एक्स८६वरच्या एव्हीएक्स या व्हेक्टर-संचातल्या बहुतेक सूचना मेमरीतून वाचताना अलाइनमेंट मागत नाहीत, त्यामुळे चुकीची हमी तिथे झाकली जाते. आर्मव्ही५ या जुन्या प्रोसेसर-रचनेवर तर वाकड्या पत्त्यावरचा शब्द, कर्नलने तपासणी चालू ठेवली नसेल तर, बाइट फिरवून हाती येत असे; क्रॅश नाही, नुसतं चुकीचं उत्तर.

दुरुस्ती सोपी आहे. पॉइंटरचा प्रकार बदलू नका. मेमकॉपी या बाइटांची नक्कल करणाऱ्या फंक्शनने चार बाइट स्थानिक चलात घ्या. लांबी ठरलेली असल्यामुळे ऑप्टिमायझेशन चालू असताना जीसीसी आणि क्लँग एक्स८६वर त्याची एकच ‘मूव्ह’ सूचना करतात. कर्नलमध्ये याच कामासाठी ‘गेट अनअलाइन्ड’ आहे. आणि यालाही एक चाचणी जोडा: तयार झालेल्या असेंब्लीत मेमकॉपीला केलेला कॉल शिल्लक नाही ना, ते पाहणारी.