माळा आधी, टेम्पो नंतर

मंडळी, पावसाळा तोंडावर आला की महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मग एखादं बिऱ्हाड घाईघाईनं पाथर्डी फाट्याला, मखमलाबाद रस्त्याला फ्लॅटमध्ये हलतं. सामान तीन पिढ्यांचं आणि हातात जेमतेम पंधरवडा. मला आज बोलायचंय ते या घाईबद्दल. जुन्या वस्तूला काय भाव येणार हे वस्तूच्या दर्जापेक्षा तुमच्याकडे किती दिवस आहेत यावर जास्त ठरतं. टेम्पो दारात उभा राहिल्यावर विकायला काढलेलं सागवानी कपाट जळाऊ लाकडाच्या भावात जातं. दोन महिने आधी काढलं असतं, तर ते पाहून, हात फिरवून, घरी विचारून घेणारं गिऱ्हाईक मिळालं असतं.

म्हणून घर बदलायचं नक्की झालं की पहिल्यांदा टेप घेऊन नव्या घरी जा. दार मोजा, लिफ्ट मोजा, जिन्याचं वळण मोजा. काय न्यायचं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं, आणि घरातला निम्मा वादही मिटतो.

आता भांड्यांकडे येतो, कारण नाशकात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ज्या गावात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, त्या गावातल्या माळ्यांवर बंब, घंगाळं, हंडे, पराती असणारच. त्या सरसकट पोत्यात भरून मोडीत घालू नका. तांब्याची मोड पितळेपेक्षा महाग असते, म्हणून दोन्ही वेगळी करा. बंबाला पितळी तोटी असते, आत लोखंडी जाळी असते. ती आधी काढा, नाहीतर सगळ्याला हलक्या धातूचा भाव लावला जातो. दोन-तीन दुकानांत त्या दिवशीचा भाव विचारा, वजन आपल्यासमोर करून घ्या आणि काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का ते बघा. पण त्याही आधी भांडं धड आहे का ते पाहा. न गळणारा, न चेपलेला बंब मोडीत देणं मला पटत नाही. असं भांडं वापरायला किंवा घरात मांडायला हौसेनं घेणारी माणसं आहेत आणि ती मोडीपेक्षा जास्त देतात. कल्हई करून घेतली की पितळेचं पातेलं आजही उत्तम चालतं. शक्य असेल तर एखादं नव्या घरी न्याच.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू त्यांच्या पाठीमागे विकू नका. सासूबाई लेकीकडे गेल्या की मागे माळा रिकामा करायचा, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. परत आल्यावर त्या काही बोलत नाहीत, पण त्यांचं घर त्या दिवशीच सुटलेलं असतं. त्यांना खुर्चीत बसवा, एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या, आणि ‘ठेवायची का’ असं न विचारता ‘आजी, ही कुणाला द्यायची?’ असं विचारा. पाटा-वरवंटा भाचीला, देव्हारा धाकट्या जावेला, अशी नावं त्या स्वतः सांगतात. याला वेळ लागतो, म्हणून तर दोन महिने म्हणतोय.

कपड्यांबद्दल फार सांगायला नको. बोहारीण दारावर येत असेल तर तिला द्या, धुऊन घडी घालून द्या. पुस्तकांसाठी आपलं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, पण थेट गठ्ठे नेऊन टाकू नका. यादी दाखवा, त्यांच्याकडे नसलेलं ते निवडतील. फुटक्या तसबिरी गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, नेऊन ठेवायची पद्धत मात्र आता सोडूया. काच, चौकट आणि कागद वेगळे करता येतात, नदीला त्याचा भार कशाला?

फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकायचं असेल तर चालू असताना दाखवा. बंद करून कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राला कुणी धड भाव देत नाही. मोबाइलवर जाहिरात टाकली की एक गिऱ्हाईक असं येतंच, जे वस्तू न बघताच ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणतं. पैसे येण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. तिथेच फोन ठेवा. जुनी स्कूटर विकताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून ती घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे ती विकल्यानंतर अपघात झाला तरी भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. गॅसचं सिलिंडर तर विकायचंच नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, जोडणीच्या वेळची अनामत परत मिळते.

शेवटी कागद. वाड्याच्या फडताळात मोडी लिपीतले दस्त, हिशेबाच्या वह्या, कुळांची टिपणं, हस्तलिखित पोथ्या निघतात आणि किलोवर रद्दीत जातात. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. ती परदेशी पाठवता येत नाहीत, आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापारही करता येत नाही. जमिनीचे कागद तर कोर्टात लागू शकतात. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते गठ्ठे मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा आणि तोवर कोरड्या जागी, सुती कापडात बांधून ठेवा.