पोदेर आला नाही ती सकाळ

नमस्कार श्रोतेहो. 'मी मरणाला भीत नाही' म्हणणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. थोडी भीती सगळ्यांनाच असते. पण तिनं घरात बिऱ्हाडच थाटलं तर?

आमच्या एका काकांची गोष्ट सांगतो. गोव्यात फोंड्याकडे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, तब्येत ठणठणीत. जिवाभावाचा मित्र झोपेत गेला आणि काकांनी झोपेचाच धसका घेतला. उशाशी बीपीचं मशीन. पट्टा दंडाला गुंडाळायचा, आकडा वहीत लिहायचा, दहा मिनिटांनी परत तेच. (ही मशिनं हल्ली घरोघरी झालीत. मला विचाराल तर निम्मी कपाटात घालून कुलूप लावावं.) पहाटे पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, पों-पों कानावर आला, की काका म्हणायचे, "सुटलो!" मग कुठं डोळा लागायचा.

एके दिवशी पोदेर आलाच नाही. त्याची सायकल पंक्चर. इकडे काकांची छाती धडधडतेय, घामानं बनियन भिजलंय, श्वास पुरत नाही. तसंच गाडीत घालून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. ईसीजी स्वच्छ, रक्त तपासलं तेही ठीक. म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, "काका, काय काय करायचं सोडलंत?"

काका गप्प. काकीनंच बोटांवर मोजून सांगितलं. कुणाच्या समाचाराला जात नाहीत. पेपरातलं निधनवार्तांचं पान मी आधीच काढून ठेवते. वाटेत स्मशान लागतं म्हणून बाजाराला लांबचा वळसा. कुळागरात एकटे उतरत नाहीत, यंदा सुपारी पाडायची राहिली.

म्हणून सांगतो. भीती किती, हे नंतर. तिच्यापायी काय बंद पडलं, ते आधी बघा. सहा-सहा महिने असंच चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

मरणाची भीती मोजायच्या मोजपट्ट्याही आहेत. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड टेम्पलर यांनी १९७० साली केलेल्या प्रश्नावलीत १५ वाक्यं आहेत, प्रत्येकापुढे बरोबर की चूक एवढंच सांगायचं. पण निदान तेवढ्यावर होत नाही. भीती मरणाची की मरतानाच्या हालांची, स्वतःच्या की घरच्यांच्या मरणाची, हेही विचारावं लागतं. काकांना हालांचं भय नव्हतंच. कुणाला न कळता रात्रीत जाऊ, एवढंच भय.

उपाय ऐका. मशीन दिवसातून एकदाच. निधनवार्तांचं पान रोज पाच मिनिटं वाचायचं. आधी काकी वाचायची, काका ऐकायचे, हात थरथरायचे. नंतर स्वतः वाचू लागले आणि त्यांना त्यात शुद्धलेखनाच्या चुका दिसायला लागल्या! 'दुःखद'मधला विसर्ग गायब. खरंच आहे, निदान तिथं तरी विसर्ग नीट घालावा माणसानं. मग एक दिवस शेजारच्या बाराव्यालाही जाऊन आले, जेवूनसुद्धा.

कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट. परत सांगतो, १४४१६.

परवा काकांकडे राहिलो होतो. पहाटे पों-पों झालं, बघतो तर काका फाटकाशी उभे. पाव लहान झाला म्हणून पोदेराशी हुज्जत घालत होते.