मुलाला काय येतं, आणि मूल कसं आहे

नमस्कार मंडळी,

निकाल लागला की आपण हमखास विचारतो, "किती मिळाले?" वर्गात एखादं मूल एकटं बसत असेल, तर त्याच्याशी बोललास का, हे आपण सहसा विचारत नाही. मीही कित्येक वर्षं विचारलं नाही, आणि त्याची मला खंत आहे.

1996 साली फ्रेंच नेते जॅक डेलॉर्स यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय शिक्षण आयोगाने युनेस्कोला अहवाल दिला. त्यात शिक्षणाचे चार आधारस्तंभ सांगितले आहेत: जाणायला शिकणं, करायला शिकणं, एकत्र जगायला शिकणं आणि माणूस म्हणून घडायला शिकणं. पहिल्या दोहोंची परीक्षा घेता येते. म्हणूनच बहुधा शाळेचा आणि आपलाही बराचसा जीव त्यांतच अडकतो.

उरलेले दोन शिकवायचे कसे? फळ्यावर सुविचार लिहून प्रामाणिकपणा अंगी येत नाही. मला याचं उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामात सापडतं. त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली, जेवली, राबली. 'कमवा आणि शिका' ही तिथली रीत. समता तिथे एखाद्या तासापुरती नव्हती. ज्याच्या खांद्याला खांदा लावून रोज घाम गाळायचा, त्याला कमी लेखायचं तरी कसं?

सचोटी, करुणा, दुसऱ्याचं ऐकून घेण्याचा धीर ही मूल्यं कुठल्याही एका धर्माची किंवा देशाची मालमत्ता नाहीत. ती अशी सोबतीनेच रुजतात. आणि हो, हे केवळ मुलांपुरतं नाही. रागाच्या भरात बोलून गेल्यावर बापाने मुलासमोर बसून "माझं चुकलं" म्हटलं, तर त्या दिवशी दोघंही शिकतात. बाप जरा जास्तच, कारण त्याला ते जड जातं.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या शाळेत पुढच्या सत्रापासून मोठ्या मुलांनी लहानांना वाचायला शिकवावं, आणि खुर्च्या मांडणं, वर्ग आवरणं ही कामं पालक व मुलांनी मिळून करावीत. नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. पहिलं नाव मी माझंच लिहिलं आहे.