पंचाची शिट्टी वाजल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो. आज मला कुस्तीतल्या पंचाबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे पैलवानाची मिरवणूक निघते, वस्तादाच्या पायावर डोकं ठेवलं जातं, हलगीवाल्याला बक्षीस मिळतं, निवेदकाच्या आवाजावर खूश होऊन माणसं खिशातली नोट काढून देतात. पंचाचं नाव मात्र निकालावरून राडा झाला तरच लोकांच्या तोंडी येतं.

२ फेब्रुवारी २०२५ चा रविवार तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. गादी, म्हणजे मॅटवरच्या, विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. पंचांनी शिवराज चितपट झाल्याचा निर्णय दिला. शिवराजचं म्हणणं होतं की माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, पुन्हा बघा. त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि मग जे झालं ते साऱ्या महाराष्ट्राने बघितलं. त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. थोड्या वेळाने किताबाची लढत लागली, पृथ्वीराजविरुद्ध महेंद्र गायकवाड. काही सेकंद उरलेले असताना एका गुणावरून वाद झाला आणि महेंद्र मैदान सोडून निघून गेला. गदा पृथ्वीराजच्या खांद्यावर आली. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

त्या रात्रीपासून पुढचा आठवडाभर गावोगाव एकच विषय होता. आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर एकाने मोबाइल कपाच्या आधाराने उभा केला होता आणि सातआठ डोकी त्यावर वाकलेली. व्हिडिओ थांबवायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, आणि म्हणायचं, "हा बघ, हा डावा खांदा वर आहे." दुसरा म्हणायचा, "अरे तो त्याच्या आधीच टेकलाय, मागं घे जरा." पुन्हा मागे घ्यायचं. चहा गार झाला तरी कुणाचं लक्ष नाही. त्यात एक दूध घालणारा, एक शाळामास्तर, एक एसटीचा वाहक. सगळ्यांनी पोरवयात तालमीची माती अंगाला लावलेली. मला ते दृश्य मनापासून आवडलं. एका खांद्यावरून इतकी माणसं इतक्या तळमळीने भांडतात, म्हणजे हा खेळ अजून आपला आहे.

पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती. तो व्हिडिओ गॅलरीतून, लांबून, एकाच बाजूने घेतलेला. पंच कुठून बघतो? तुम्ही जवळून कधी पाहिलं असेल तर आठवा. पैलवान पुलावर गेला, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून पाठ उचलून धरली, की पंच सरळ पोटावर आडवा होतो. गाल मातीला लागतो. खांदा आणि माती यांच्यामधून उजेड दिसतोय का, एवढंच तो बघत असतो. वर शंभर-सव्वाशे किलोचे दोन देह एकमेकांवर रेटताहेत, चारी बाजूंनी आरडाओरडा चाललाय, आणि त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचंय. दोन्ही खांद्यांची हाडं एकाच वेळी टेकली आणि वरच्याचा ताबा पक्का आहे, हे दिसलं की चितपट. बरं, एकट्याच्या सांगण्यावर तो निकाल होत नाही. बाजूला दुसरा पंच बसलेला असतो आणि टेबलावर त्या मॅटचा प्रमुख असतो, त्यांची संमती लागते. हे सगळं दोन श्वासांत उरकतं. त्यामुळे ज्या माणसाने कधी शिट्टी तोंडात धरली नाही, त्याने पंचाला विकला गेलेला म्हणणं मला फार लागतं. पंचावर हात उचलणं तर कुठल्याच कारणाने मान्य होण्यासारखं नाही. त्या बाबतीत माझ्या मनात पण-परंतु नाही.

मात्र शिवराजची "पुन्हा बघा" ही मागणी मला चुकीची वाटत नाही. आज मी बोलायला बसलोय ते एवढ्यासाठीच.

कारण हे एकदाच झालेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला कोथरूडमध्ये महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत. महेंद्रने बाहेरची टांग हा डाव मारला आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदरच्या बाजूचे म्हणाले, तो धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे होऊन, पडलाच नाही, तर चार कसले, दोनच बसतात. त्या गुणांवर लढत फिरली आणि महेंद्र पुढे गेला. किताब शिवराज राक्षेने जिंकला, पण महाराष्ट्रात चर्चा झाली ती चार की दोन याची. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ गावचा सिकंदर, वडील हमाली करणारे, पोरगा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला. लोकांचा जीव त्याच्यावर होता. पुढे पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. बघा, दोन गुणांचा प्रश्न कुठे जाऊन पोहोचला.

हे असं का होतं याचा मी बराच विचार केला आहे. आपला प्रेक्षक जत्रेच्या फडावर घडलेला आहे. तिथे कुस्ती निकाली. गुण नाहीत, घड्याळ नावापुरतं. पाठ लागली की लागली, ती शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसते. शंका आली तर लोकच ओरडायचे, "कुस्ती परत लावा." नाहीच लागली तर पंच दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडवायचे. आणि पंच कोण? पंचक्रोशीला माहीत असलेला जुना वस्ताद. त्याचा शब्द त्याच्या वयामुळे आणि कामामुळे चालायचा. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, जे शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभं केलं, तिथे बसायची रचनाच अशी आहे की कुठूनही आखाडा दिसतो.

आता लढत सहा मिनिटांची, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. ताबा मिळवला की दोन गुण, बाहेर ढकललं की एक, धोक्याच्या स्थितीत फेकलं की चार. पैलवान सुस्त राहिला तर ताकीद, आणि त्यानंतरही ठरल्या वेळेत गुण निघाला नाही तर एक गुण समोरच्याला. हे नियम वाईट नाहीत. ऑलिंपिकला जायचं तर ह्याच नियमांनी खेळावं लागेल, आणि आमच्या पोरांनी ते शिकलेच पाहिजेत. पण गॅलरीत बसलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगितलं? त्याला दिसतो फक्त पंचाचा वर गेलेला हात आणि फलकावर बदललेला आकडा. का बदलला, हे कळायला मार्ग नाही. जिथे कारण कळत नाही तिथे माणूस स्वतःचं कारण जोडतो, आणि ते बहुतेक वेळा वाईटच असतं.

क्रिकेटमध्ये बघा. पंचाने बाद दिलं, खेळाडूने खूण केली, मोठ्या पडद्यावर सगळ्यांदेखत चेंडूचा मार्ग दिसला, तिसऱ्या पंचाचं बोलणं घरी बसून ऐकू आलं. निर्णय विरोधात गेला तरी प्रेक्षक हळहळतो आणि खाली बसतो. कबड्डीच्या लीगमध्येही पुन्हा बघायची सोय आली. आणि कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर ही सोय केव्हाचीच आहे. प्रशिक्षक कोपऱ्यातून एक मऊ ठोकळा मॅटवर फेकतो, म्हणजे आव्हान दिलं. चित्रफीत बघितली जाते. आव्हान फसलं तर एक गुण समोरच्याला जातो, त्यामुळे उगीच कुणी फेकत नाही. म्हणजे रागाला वाट करून दिलेली आहे. कॉलर धरायच्या ऐवजी ठोकळा.

श्रोतेहो, दाद मागायची सोय असली आणि नसली की काय होतं, याचं आपल्याच मातीतलं उदाहरण खाशाबा जाधवांचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. त्यांचं हेलसिंकीचं पदक सगळ्यांना पाठ आहे, १९५२ चं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या ऑलिंपिकसाठीच्या निवडीतच त्यांना डावललं जात होतं. गुण देताना अन्याय झाला, एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी कुणावर हात टाकला नाही. त्यांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती. त्यांनी पुन्हा लढत लावली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवलं. पुढचा खर्चाचा प्रश्नही मोठा होता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा कुठे खाशाबा हेलसिंकीला निघाले.

आणि हेलसिंकीत काय झालं? जपानच्या इशीबरोबर दमवून टाकणारी लढत झाली, ती खाशाबा हरले. त्यानंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. पण ते सांगायला, भांडायला, भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा मैदानात उतरले आणि हरले. आपल्या पदरात कांस्य पडलं. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, पण मला राहून राहून तो अर्धा तास आठवतो. निवडीच्या वेळी ऐकणारं कुणीतरी होतं म्हणून ते हेलसिंकीला पोहोचले. हेलसिंकीत ऐकवणारं कुणी नव्हतं.

शिवराज राक्षेने अहिल्यानगरला जे केलं त्याचं समर्थन मी करत नाही, पण त्या जागी उभ्या असलेल्या पोराचा विचार करा. पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं किती असतात? दूध, बदाम, तूप, फळं यांचा खर्च शेतकरी बाप कुठून काढतो, ते त्यालाच ठाऊक. कुणी म्हैस विकतो, कुणी गुंठाभर जमीन. वर्षभर पहाटे उठून जोर-बैठका, आणि मग एका शिट्टीत सगळं संपतं. जिंकणाऱ्याला गदा, थार गाडी, फोटो, फलक. हरणाऱ्याला एसटीचं तिकीट. त्यात तीन वर्षांची बंदी म्हणजे पैलवानकीतला केवढा तुकडा गेला! शिक्षा व्हायलाच हवी होती, पण तीन वर्षं ही मला जास्त वाटली.

आणि शिस्त मागायची तर ती वरपासून मागावी. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखने किताब जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षेने. २०२५ मध्ये अहिल्यानगरनंतर मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला पुन्हा एक झाली आणि तिथे वेताळ शेळकेने गदा उचलली. पोरांची काही चूक नाही, ती लढली आणि जिंकली. पण संघटनांच्या भांडणात गदा दोन होतात, तेव्हा पोराने आपल्या दारावर महाराष्ट्र केसरी असं लिहिलं तरी शेजारी विचारतो, कुठला? १९६१ पासून चालत आलेल्या, मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ गदा दिल्या जाणाऱ्या या किताबाचा मान असा वाटून घ्यायचा नसतो. दोन्हीकडच्या मंडळींनी एका सतरंजीवर बसावं, असं मला कळकळीने वाटतं.

तोवर जे उद्या करता येईल ते सांगतो. आमच्या मैदानांत निवेदक असतो, त्याच्या हातात माइक असतो. त्याचं अर्धं बोलणं पाहुण्यांच्या सत्कारात जातं. त्याने प्रत्येक गुणानंतर दोन वाक्यं बोलावीत. निळ्याने पट काढला, मागे गेला, ताबा मिळाला, दोन गुण. लालला सुस्तीची ताकीद. एवढंच. लोक आपोआप शिकतील. क्रिकेटमधलं पायचीत लोकांना कुणी शाळेत शिकवलं नाही, ऐकून ऐकूनच कळलं. दुसरं, मंडप, रोषणाई आणि फटाके यांवर एवढा खर्च होतो, त्यात एक मोठा पडदा आणि आखाड्याच्या दोन बाजूंना जमिनीलगत दोन कॅमेरे सहज बसतील. जमिनीलगत हे महत्त्वाचं. वरच्या कॅमेऱ्यात खांदा दिसत नाही, म्हणून तर पंच आडवा होतो. तिसरं, वादग्रस्त निकाल झाला की मॅटच्या प्रमुखाने माइक घेऊन कारण सांगावं, आणि ते सांगेपर्यंत विजेत्याला कुणी खांद्यावर घेऊ नये. एकदा गुलाल उडाला की कुणीच मागे फिरत नाही.

आणि पंचांसाठी एक. त्यांना मानधन नीट द्या, दरवर्षी नवे नियम शिकवा, त्यांची राहायची सोय कुठल्याही पैलवानाच्या तालमीत किंवा कुठल्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर करू नका. हे साधं वाटतं, पण संशयाची सुरुवात तिथूनच होते.

चैत्रात आता गावोगावच्या यात्रा सुरू होतील. पत्रिका छापायला जातील, इनामाचे आकडे ठरतील. तुमच्यापैकी कुणी यात्रा कमिटीत असेल तर या वेळच्या बैठकीत हा विषय काढा. मोठा पडदा परवडत नसेल तर गावातल्या दोन पोरांना त्यांचे मोबाइल स्टँडवर लावून आखाड्याच्या कडेला बसवा, आणि निकालाआधी पंचांना ते बघू द्या. नमस्कार.