बिल्ला कुणाला द्यायचा?

(दृश्य: टाउन हॉलचा जिना. वरच्या मजल्यावरची बैठकीची खोली. लांब टेबल, पाण्याचे पेले, पाठमोरा अर्जदार.)

इंग्लंडमधलं एखादं मध्यम आकाराचं शहर. टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर बंद दाराआड सुनावणी चालू आहे. टेबलापलीकडे तीन नगरसेवक. त्यांच्या बाजूला कौन्सिलचा कायदेशीर सल्लागार आणि परवाना विभागाचा अधिकारी. समोर बसलाय त्याला टॅक्सी चालवायची आहे. गाडी तो चांगली चालवतो, त्याबद्दल कुणाला शंका नाही. पण काही वर्षांपूर्वी एका भांडणात त्यानं कुणाला तरी मारहाण केली होती आणि त्याची शिक्षाही भोगली होती. नगरसेवक त्याला आता त्या रात्रीबद्दल विचारतायत. नेमकं काय झालं? सुरुवात कुणी केली? त्यानंतर आजपर्यंत काय करत होतात?

एरवी इंग्लंडमध्ये बऱ्याच नोकऱ्यांत ठरावीक वर्षं उलटली की जुना गुन्हा मालकाला सांगावा लागत नाही. टॅक्सीवाल्याला तशी सवलत नाही. त्याचं जुनं प्रकरण कौन्सिल पुन्हा उघडून पाहू शकते, म्हणून तर पत्रकारांना आणि बाहेरच्यांना या खोलीत प्रवेश नसतो.

आपल्याकडे टॅक्सीचं परमिट आणि ड्रायव्हरचा बॅज म्हटलं की आरटीओ आठवतं. महापालिकेचा त्यात हात नसतो. इंग्लंडमध्ये मात्र लंडन सोडलं तर हा अधिकार स्थानिक कौन्सिलचा. जी कौन्सिल दारचा कचरा उचलते, तीच टॅक्सीचा बिल्ला देते. बिल्ले देणाऱ्या अशा अडीचशेहून जास्त संस्था देशात आहेत आणि त्यांनी परवाना दिलेले चालक साडेतीन लाखांच्या वर.

(दृश्य: स्टेशनबाहेरची टॅक्सीची रांग. मग मोबाइलवर गाडी बुक करणारा हात.)

टॅक्सी तिथे दोन प्रकारच्या. स्टँडवर उभी राहणारी, रस्त्यात हात दाखवला की थांबणारी ती खरी टॅक्सी. तिचा कायदा १८४७ सालचा आहे, घोडागाड्यांच्या काळातला, आणि तो आजही लागू आहे. दुसरी, आधी बुक करूनच घ्यावी लागणारी खासगी भाड्याची गाडी. तिच्यासाठी १९७६ साली वेगळा कायदा झाला. ॲपवरून बोलावतो ती बहुतेक वाहनं या दुसऱ्या प्रकारात मोडतात. रस्त्यात हात दाखवून त्यांना थांबवलं आणि त्यांनी प्रवासी घेतला, तर तो गुन्हा ठरतो.

१९७६च्या कायद्याचं सगळं वजन एका अटीवर आहे. अर्जदार ‘लायक आणि योग्य’ व्यक्ती आहे अशी कौन्सिलची खात्री पटली पाहिजे. ती पटली नाही, तर परवाना देताच येत नाही. म्हणजे ‘हा माणूस वाईट आहे’ हे कौन्सिलनं सिद्ध करायचं नसतं. आपण योग्य आहोत हे अर्जदारानं पटवून द्यायचं असतं. आणि लायक म्हणजे कोण, योग्य म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात कुठेच नाही.

ती पोकळी एका प्रश्नानं भरून काढली जाते. वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२०मध्ये सगळ्या कौन्सिलना जे निकष घालून दिले, त्यांत हा प्रश्न लिहिलेला आहे. त्याचा आशय असा: कोणताही पूर्वग्रह न ठेवता, समोर असलेल्या माहितीवरून सांगा, तुमच्या जिवाभावाच्या माणसाला, त्याची अवस्था कशीही असो, दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी, या चालकाच्या गाडीत एकट्यानं बसू द्याल का?

यातला ‘अवस्था कशीही असो’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. रात्री दोनला पबमधून बाहेर पडलेली, पाय लटपटणारी मुलगी. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, ज्यांना आपला पत्ताही धड सांगता येत नाही. शाळेत सोडायला कौन्सिलनंच गाडी ठरवून दिलेलं, बोलता न येणारं मूल. ही माणसं गाडीत बसतात तेव्हा दार बंद होतं आणि आत फक्त दोघं उरतात. परवान्याचा सगळा खटाटोप त्या मागच्या सीटसाठी आहे. या प्रश्नाचं नगरसेवकांचं उत्तर ‘नाही’ असेल, तर परवाना नाही.

(दृश्य: अधिकारी फाइल उलगडतो. गुन्ह्यांच्या नोंदींचा कागद, नावावर काळी पट्टी.)

जुन्या गुन्ह्यांचं काय करायचं, हेही २०२०च्या निकषांत आहे. कुणाचा जीव गेला असेल, लैंगिक गुन्हा असेल, माणसांचं शोषण असेल, तर दार कायमचं बंद. हिंसेचा गुन्हा असेल तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून दहा वर्षं जावी लागतात. अमली पदार्थ विकल्याबद्दलही दहा. फसवणूक, चोरी असली तर सात. दारू पिऊन गाडी चालवली तर सात. हातात मोबाइल धरून गाडी चालवताना पकडलं गेलं तर पाच. ही वर्षं म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासायचाच असतो. पण सवलत द्यायची तर तसं कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते कारण उद्या कोर्टात टिकलं पाहिजे.

याहून अवघड प्रकरणं वेगळीच. खटला झाला, पण निर्दोष सुटला. तक्रार झाली, पण तक्रारदार मुलीनं माघार घेतली. पोलिसांनी नुसतंच कळवलं की या माणसाबद्दल आमच्याकडे माहिती आहे. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे तो अर्जदाराला मिळत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडलं असण्यापेक्षा जास्त वाटली, तरी कौन्सिल परवाना नाकारू शकते.

चालकाच्या बाजूनं पाहिलं तर हे फार कठोर आहे, आणि ते कठोर आहे हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. २००२ साली लीड्स कौन्सिल विरुद्ध एका चालकाचं प्रकरण हायकोर्टात गेलं. त्याच्यावर हिंसाचाराचा आरोप होता, गुन्हा अजून सिद्ध झाला नव्हता, आणि कौन्सिलनं परवाना निलंबित केला होता. कोर्टानं कौन्सिलची बाजू उचलून धरली. घर चालवायचं आहे, गाडीचे हप्ते फेडायचे आहेत, मुलं लहान आहेत, या गोष्टी परवान्याच्या निर्णयात मोजायच्या नाहीत असं कोर्टानं सांगितलं. आजही सुनावणीला आलेला चालक अनेकदा आपल्या संसाराबद्दल बोलतो. नगरसेवक ऐकून घेतात. निर्णय देताना मात्र ते सगळं बाजूला ठेवावं लागतं.

निर्णयाविरुद्ध २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. आधीपासून परवाना असलेला चालक अपिलाचा निकाल लागेपर्यंत गाडी चालवू शकतो. मात्र प्रवाशांच्या सुरक्षेसाठी परवाना तत्काळ रद्द केला असेल, तर गाडी त्याच दिवसापासून उभी.

(दृश्य: रॉदरहॅम शहर, पावसाळी सकाळ. रिकामा टॅक्सी स्टँड. संगीत थांबतं.)

हा सगळा कठोरपणा एका शहराच्या नावाशिवाय समजत नाही. रॉदरहॅम, साउथ यॉर्कशर. ऑगस्ट २०१४मध्ये प्राध्यापक अलेक्सिस जे यांचा चौकशी अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका शहरात अंदाजे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं होतं. मुली सांगत होत्या, काही समाजसेविका सांगत होत्या, आणि ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही. देशभरातल्या अशा प्रकरणांत टॅक्सीचालकांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसतो, हे जे यांनी स्पष्ट लिहिलं. मुलींना शाळेपासून, अनाथाश्रमापासून उचलायला आणि परत सोडायला टॅक्सी वापरल्या जात होत्या.

पुढच्या फेब्रुवारीत, सरकारनं तपासणीसाठी नेमलेल्या लुईस केसी यांचा त्याच कौन्सिलच्या कारभारावरचा अहवाल आला. टॅक्सी परवान्यांची व्यवस्था इतकी ढिसाळ होती की लोकांची सुरक्षा धोक्यात आली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सरकारनं कौन्सिलचा कारभार आपल्या आयुक्तांच्या हाती दिला. त्याच वर्षी परवान्याचे नवे नियम आले. प्रत्येक टॅक्सीत कॅमेरा. गाडीत मूल एकटं असेल तर आवाजही रेकॉर्ड करायचा. जुन्या चालकांचीही नव्यानं छाननी.

हे वाचताना एक प्रश्न मला सोडत नाही. रॉदरहॅममध्येही बिल्ले देणारी माणसं स्थानिकच होती. शहर त्यांना माहीत होतं, गल्ल्या माहीत होत्या. जवळून पाहत असूनही त्यांनी पाहिलं नाही. तेव्हा नुसतं जवळ असणं पुरत नाही. मात्र लांब असणं हा त्यावरचा उपाय नव्हता, आणि पुढे बिल्ला देणारे नेमके लांबच गेले.

(दृश्य: चाचणीला बसलेले अर्जदार. डॉक्टरचा दवाखाना.)

कागदपत्रांची यादी लांब आहे, ती थोडक्यात सांगते. गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं. ट्रक-बस चालकाला लागते तशी वैद्यकीय तपासणी. देशात काम करायचा हक्क आहे का, कर भरण्यासाठी नोंद आहे का. गुन्ह्यांच्या नोंदींची सविस्तर तपासणी, आणि परवाना मिळाल्यावरही दर सहा महिन्यांनी पुन्हा. परदेशात राहून आलेल्याला तिथल्या वर्तणुकीचा दाखला आणावा लागतो, म्हणजे भारतातून गेलेल्या माणसाला पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट. बऱ्याच ठिकाणी इंग्रजीची आणि शहराच्या रस्त्यांची चाचणीही असते.

रस्त्यांच्या बाबतीत लंडनला तोड नाही. तिथे परवाना ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही शहराची वाहतूक संस्था देते आणि काळ्या टॅक्सीच्या चालकाला ‘नॉलेज’ ही परीक्षा द्यावी लागते. १८६५पासून ती चालू आहे. चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते, ३२० ठरलेले मार्ग, तेही तोंडपाठ. तीन-चार वर्षं सहज जातात. तो खरं तर वेगळ्या फिल्मचा विषय आहे.

(दृश्य: मँचेस्टरचा रस्ता, संध्याकाळ. एकामागोमाग एक गाड्यांच्या मागच्या पाट्या. पाट्यांवर ‘वुल्व्हरहॅम्प्टन’.)

आता मँचेस्टरला चला. शुक्रवारी संध्याकाळी पिकॅडिलीजवळ उभं राहून ॲपच्या गाड्यांच्या पाठीवरच्या पाट्या वाचा. थोड्याच वेळात लक्षात येतं की अनेक पाट्यांवर मँचेस्टरचं नाव नाही. नाव आहे वुल्व्हरहॅम्प्टनचं. ते शहर इथून जवळजवळ शंभर किलोमीटरवर आहे.

कायद्यात हे बसतं. खासगी भाड्याच्या गाडीसाठी तीन परवाने लागतात: चालकाचा, गाडीचा आणि बुकिंग घेणाऱ्या कंपनीचा. तिन्ही एकाच कौन्सिलचे असले की झालं. भाडं कुठून उचलायचं आणि कुठे सोडायचं, याला बंधन नाही. २०१५ साली आणखी एक बदल झाला: एका कंपनीला आपलं बुकिंग दुसऱ्या भागातल्या कंपनीकडे सोपवता येऊ लागलं. त्यानंतर चालक हिशेब करू लागले. कुठे फी कमी, कुठे परवाना लवकर मिळतो, कुठे चाचणी सोपी. तिकडे अर्ज करायचा आणि गाडी आपल्या गावातच चालवायची. यात चालकाला दोष देता येत नाही. दोन दारं उघडी असतील तर माणूस कमी रांगेच्या दारानंच जाणार.

वुल्व्हरहॅम्प्टनचीही बाजू आहे. आमची तपासणी कडक आहे, आणि अर्जदाराचा पत्ता दुसऱ्या शहरातला आहे एवढ्यावरून त्याला नाही म्हणण्याचा अधिकार कायदा आम्हाला देत नाही, असं तिथली कौन्सिल सांगते. ते खरंच आहे.

पण मँचेस्टरच्या एखाद्या प्रवाशाच्या बाजूनं विचार करा. तिनं मतदान करून निवडलेला नगरसेवक त्या चालकाला कधी भेटलेलाच नाही. मँचेस्टरच्या परवाना अधिकाऱ्यानं ती गाडी थांबवली, तर वुल्व्हरहॅम्प्टननं खास अधिकार सोपवले असल्याशिवाय तो तिचा परवाना निलंबित करू शकत नाही. मँचेस्टरनं भरपूर मेहनत घेऊन कडक नियम केले, तर ते फक्त मँचेस्टरमध्ये अर्ज करणाऱ्याला लागू. नियम पाळणारा स्थानिक चालक जास्त खर्च करतो आणि त्याच रस्त्यावर त्याला बाहेरचा परवाना असलेल्याशी स्पर्धा करावी लागते. हा अन्याय त्याच्यावरही आहे. ग्रेटर मँचेस्टरमध्ये धावणाऱ्या अशा गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या बाहेरच्या परवान्यावर आहेत, असं तिथलं प्रशासन सांगतं. महापौर अँडी बर्नहॅम यांनी हे थांबवण्यासाठी मोहीमच उघडली.

काही भोकं बुजली आहेत. पूर्वी एका गावानं परवाना नाकारला की माणूस शेजारच्या गावात जाऊन अर्ज करायचा आणि तिथे कुणाला पत्ता लागायचा नाही. २०२२च्या कायद्यानं ते अवघड केलं. आता सुरक्षेच्या कारणावरून कुणाचा परवाना नाकारला, रद्द केला किंवा निलंबित केला, तर त्याची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते, आणि नवा अर्ज आला की आधी ती नोंदवही पाहावी लागते. बाहेरच्या परवान्याचा चालक आपल्या हद्दीत धोकादायक वागताना दिसला तर स्थानिक कौन्सिलनं दहा कामाच्या दिवसांत मूळ कौन्सिलला कळवायचं, आणि तिनं काय ठरवलं ते वीस कामाच्या दिवसांत सांगायचं. दहा आणि वीस. तोवर ती गाडी त्याच रस्त्यावर असू शकते.

जून २०२५मध्ये लुईस केसी यांनी पुन्हा एक राष्ट्रीय अहवाल दिला. रॉदरहॅमला दहा वर्षं होऊन गेली होती. बाहेरच्या परवान्याची ही पळवाट बंद करा, अशी शिफारस त्यांनी त्यात केली आणि सरकारनं ती स्वीकारली. शिफारस अमलात यायला कायदा बदलावा लागतो. त्यात ‘जिथे परवाना, तिथेच धंदा’ हे तत्त्व आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. देशभर किमान निकष एकसारखे झाले तरी त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला बसणारी माणसं त्याच शहरातली हवीत, आणि चुकली तर त्याच शहरानं त्यांना जाब विचारायला हवा.

(दृश्य: चालकाच्या बिल्ल्याचा जवळून घेतलेला शॉट. फोटो, क्रमांक, मुदतीची तारीख.)

आपल्याकडची कितीतरी मुलं मँचेस्टर, लीड्स, लेस्टरला शिकायला जातात आणि रात्री एकटीच टॅक्सीनं परततात. त्यांच्यासाठी एवढं: गाडीत बसण्याआधी मागची पाटी वाचा. तिच्यावर कौन्सिलचं नाव आणि क्रमांक असतो. चालकाकडे स्वतःचा बिल्ला असतो, त्यावर फोटो आणि मुदत असते. दोन्हींचा फोटो काढून घरी पाठवला तरी चालतं. काही वावगं घडलंच तर पोलिसांना सांगाच, आणि ॲपवर तक्रार करून थांबू नका. तुम्ही राहता त्या शहराच्या कौन्सिलला लिहा, आणि पाटीवर जिचं नाव आहे तिलाही लिहा, कारण परवाना काढून घ्यायचा अधिकार तिच्याकडेच आहे.