बाटलीवरचा आकडा

मिरज हे दवाखान्यांचे गाव. जत, कवठेमहांकाळकडून आलेला मधुमेही रुग्ण येथे तपासणी आटोपून एसटीने घरी परततो, तेव्हा पिशवीतल्या इन्सुलिनचा पुढचा सगळा कारभार घरच्यांच्याच हाती असतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, त्यामुळे ते बाहेरून द्यावेच लागते. १९२२ साली टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. दुसऱ्या प्रकारात गोळ्या अनेक वर्षे पुरतात, मात्र स्वादुपिंडाची ताकद हळूहळू कमी होत जाते. इंजेक्शन लागले म्हणजे आजार हाताबाहेर गेला, हा समज आपल्याकडे घट्ट आहे, आणि त्यापायी इन्सुलिन लांबणीवर टाकणाऱ्यांचे डोळे व मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात.

आता बाटली जवळून पाहा. लेबलवर एका मिलिलिटरमधील युनिट छापलेले असतात, ४० किंवा १००. चाळीसच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, शंभरच्या बाटलीला केशरी टोपीची. शंभरचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात, कारण त्या सिरिंजवरची विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. मेडिकलमधून घाईत उचललेली सिरिंज म्हणूनच जिवावर बेतू शकते.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वाया जाते. जतच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. फ्रीज नसलेल्या घरी बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून, ती डबी गार पाण्याच्या माठात ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते.

धोका आणखी एका ठिकाणी आहे. जेवणाआधीचे इंजेक्शन घेतले, तेवढ्यात शेतीची लाईट आली आणि माणूस न जेवताच मोटार चालू करायला गेला, तर रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे अडखळते. साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवू घालावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात पाण्याचा थेंबही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि तातडीने दवाखाना गाठावा.